हिरव्या चकत्या

“यात लाल एकही नाही?” मरीताने चकत्यांचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. हिरव्या चिक्कार, पिवळ्या सहा-सात. लाल मात्र औषधालासुद्धा सापडेना.

“लाल कशाला हवीय तुला?” शेजारी उभ्या लोविसाने विचारलं आणि विचारता विचारताच तिचा चेहरा उतरला.

मंगळवार, सकाळचे नऊ. उप्सालाच्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागातली नऊ माणसं भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर उभी होती. उभीच, कारण बसलं की मीटिंग लांबते असं साहेबाचं म्हणणं. फळ्यावर प्रत्येक प्रकल्पाचं नाव आणि नावापुढे लोहचुंबकाची एक चकती. काम झकास चाललं असेल तर हिरवी, अडखळत असेल तर पिवळी, थांबवा म्हणायचं असेल तर लाल. ज्याचा प्रकल्प, त्याने आपल्या हाताने लावायची. गेली तीन वर्षं तो फळा नुसता हिरवागार होता.

तीन वर्षांपूर्वी स्टेलान नावाच्या एका भल्या माणसाने लाल लावली होती. त्याला कुणी काढून टाकलं नाही हो, तसं काही करायची इथे रीतच नाही. त्याला ‘विशेष उपक्रम’ बघायला तळघरातल्या खोलीत बसवलं. त्या खोलीत उपक्रम म्हणून एक टेबल होतं आणि एक कुंडी. चार महिन्यांत तो आपण होऊन गेला, आणि मागे उरलेले सगळे शहाणे झाले.

साहेब म्हणजे योआकिम. एक्केचाळीस वर्षांचा, सायकलवरून येणारा, सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ असलेला. माणूस वाईट नव्हता, पण आधी तो दह्याच्या कंपनीत होता आणि दही रोज लागतं. इथे दहा-दहा वर्षं काही लागत नाही, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. त्याने पाच वर्षांत विभागाची चार वेळा फेररचना केली. सकाळी सगळे मिळून कॉफी घ्यायचे तो अर्धा तास त्याने दहा मिनिटांवर आणला आणि जिन्यात पाटी लावली : ‘शंका कमी, वेग जास्त’. त्या पाटीसमोरून जाताना विभागातला सगळ्यात जुना माणूस, तोर्गनी, रोज तिला टोपी काढून नमस्कार करायचा.

वर्षातून दोनदा ‘तुम्ही खूश आहात का’ असा एक अर्जही यायचा. एकदा सगळ्यांनी खरं लिहिलं. मग काय विचारता! दोन दिवस सगळ्यांना तळ्याकाठच्या हॉटेलात नेऊन कोरड्या शेवयांचे मनोरे बांधायला लावले. पुढच्या खेपेपासून नऊच्या नऊ जण खूश.

आणि मरीता? अठ्ठावन्न वर्षांची, रसायनांत एकतीस वर्षं घालवलेली. एकतीस वर्षांत तिच्या हातचं एकही औषध दुकानाच्या फळीवर पोचलं नव्हतं. या धंद्यात त्याची कुणाला लाज वाटत नाही, बहुतेकांचं तसंच होतं. पण तिच्या थोरल्या बहिणीची, शाश्तीनची, बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, आणि दर नाताळात ती बटाट्याची सालं काढायचं काम मरीताकडे सरकवत विचारायची, “काय गं, आलं का तुझं औषध?” ते औषध म्हणजे बावीसशे सहा नंबर. मरीताने स्वतः जुळवलेला रेणू, अकरा वर्षांचं काम, निवृत्तीआधीची शेवटची संधी. उंदरांवरचे प्रयोग संपले होते. आज दहा वाजल्यापासून हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये आठ धडधाकट माणसांची तपासणी होती, आणि येत्या सोमवारी ती आठ माणसं बावीसशे सहाची पहिली गोळी घेणार होती.

भानगड ऑगस्टपासूनची. उंदरांच्या रिपोर्टात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘यकृतात सौम्य बदल’. मरीताने मागची पानं चाळली, तर वीसपैकी सात उंदरांची यकृतं सुजलेली. सातांना कुणी सौम्य म्हणतं का? पण बाहेरच्या प्रयोगशाळेने म्हटलं होतं, योआकिमने ते उचलून धरलं होतं, आणि मरीताने, खरं सांगायचं तर, मूग गिळून त्या मंगळवारी हिरवी चकती लावली होती. पुढच्याही मंगळवारी. त्याच्या पुढच्याही. आपल्याला काहीतरी चुकीचं दिसतंय, बाकीच्यांना दिसलं असतं तर ते बोलले नसते का, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली. चौदा मंगळवार. काल संध्याकाळी क्लिनिकमधून आठ जणांची यादी सहीसाठी आली. नावं नव्हती, नुसती वयं आणि वजनं. तिला सही करवेना. रात्री तिने योआकिमला मेल लिहिली : हे थांबवायला हवं.

आज सकाळी कोट काढायच्या आत योआकिमने तिला गाठलं होतं.

“मरीता, तुझी मेल वाचली. अगं, पिवळी लाव ना! पिवळी म्हणजे काही खोटं बोलणं नाही.”

“पिवळी लावली तर सोमवारी गोळी देतील.”

“लक्ष ठेवतील ना! डॉक्टर आहेत तिथे. गुरुवारी वरच्या मंडळींना फळ्याचा फोटो जातो, तुला माहितीय. बावीसशे सहा गेलं तर ते हा मजला ठेवतील का? तोर्गनीला बासष्टाव्या वर्षी कोण घेणार? लोविसाला दोन लहान मुलं.” मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “नऊ माणसांचा प्रश्न आहे.”

हे त्याचं अगदी खरं होतं.

आणि आता ती फळ्यापाशी उभी राहून चकत्या उचकत होती.

“लाल मीच काढून टाकल्या,” योआकिम म्हणाला. “वसंतातच. माणसाचा उत्साह मारतात त्या.”

“बरं,” मरीता म्हणाली. तिने फळ्याच्या कडेचा लाल मार्कर घेतला, बावीसशे सहापुढची हिरवी चकती काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या जागी लाल गोल काढून तो गिरवायला लागली. शाई वाळत आलेली, त्यामुळे मार्कर करकर वाजत होता. एवढासा गोल, पण भरायला तिला जन्म लागल्यासारखं वाटलं.

“सात उंदीर,” ती वळून म्हणाली. “विसांतले सात. मला ऑगस्टपासून माहितीय आणि मी हिरवी लावत आले. माझीच चूक आहे ती. पण ही गोळी मी माणसाला देऊ देणार नाही.”

“मरीता, हे आपण बाहेर बोलूया का?” योआकिमचे कान लाल झाले होते.

“बाहेर नको. दहाला क्लिनिकमध्ये माणसं येतायत.”

“तू दमलीयेस. एकटीने सगळं अंगावर घेतलंयस, म्हणून तुला—”

“एकटी नाही ती.”

हे तोर्गनी बोलला. सगळ्यांनी माना वळवल्या, कारण मीटिंगमध्ये तोर्गनी बोलल्याला कित्येक महिने लोटले होते.

“मार्चमध्ये मी त्या औषधाचं शरीरात काय होतं ते मोजलं,” तो बुटांकडे बघत म्हणाला. “एक तुकडा निघतो त्यातून. यकृतात जाऊन चिकटून बसतो, निघता निघत नाही. मी वहीत लिहिलं, ‘पुन्हा करून पाहावे’. आणि पुन्हा केलंच नाही.”

“का नाही केलंस?” मरीताने विचारलं.

“पुन्हा तेच आलं असतं म्हणून!” तोर्गनी एकदम ओरडला. “मग बोलावं लागलं असतं. मला ती कुंडी सांभाळायची नव्हती तळघरात!”

लोविसा रडायलाच लागली. “मी तीनदा प्रयोग केला. यकृताच्या पेशींवर. तिन्ही वेळा निम्म्या पेशी मेल्या. मला वाटलं, माझाच हात बिघडलाय. तुम्ही सगळे एवढे अनुभवी, तुमचं हिरवं, मग माझंच काहीतरी चुकत असणार. मी रात्ररात्र जागलेय रे!”

मग मागून आणखी एक जण बोलला, त्याच्यामागून आणखी एक. प्रत्येकाजवळ बावीसशे सहाविरुद्धचा एकेक पुरावा होता. कुणी तो वहीत दडवला होता, कुणी नुसता मनात. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. शास्त्रज्ञ म्हणवणारी नऊ माणसं, एका खोलीत रोज एकाच किटलीतली कॉफी पिणारी, आणि आठ महिने एकमेकांना फसवत बसली होती! मरीताला आधी संताप आला. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला चक्क हसू येतंय. छातीवर ऑगस्टपासून बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं होतं.

योआकिम खुर्चीत बसला. मीटिंगमध्ये बसणारा तो पहिलाच.

“मला कुणी सांगितलं का नाही?” त्याने विचारलं.

तोर्गनी म्हणाला, “स्टेलानने सांगितलं होतं.”

आवाज चढवून नाही, उलट बऱ्याच मायेनेच म्हणाला तो. योआकिमने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

“सोमवारी त्या आठ जणांतला कुणी काविळीने पिवळा पडला असता तर?” त्याने विचारलं.

“एखादा मेलाही असता,” मरीता म्हणाली. “कदाचित काहीच झालं नसतं. आपल्याला माहीत नाही. हेच तर सांगतेय ना मी तुला.”

“गुरुवारी मी काय सांगू वर?”

“हेच सांग. आम्ही येतो तुझ्याबरोबर.”

“सगळे?”

“सगळे,” लोविसा नाक पुसत म्हणाली. “वह्या घेऊन येतो. मजला बंद करायचा तर करू देत, पण वाचून करू देत.”

योआकिमने खिशातून पेन काढलं. मरीताने काम थांबवण्याचा कागद पुढे केला; त्यावर तिची सही आधीच होती, तिच्याखाली त्याने आपली केली. सही करून तो खुर्चीत मागे रेलला आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, की दोघं-तिघं हसले. त्यालाही हसू आलं.

“फोन कर क्लिनिकला,” तो म्हणाला. “पळ. दहाला पाच कमी आहेत.”

मरीता पळाली. खरोखर पळाली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, लॅबचा पांढरा डगला फडफडवत. मागे खोलीत एकाच वेळी सगळे बोलत होते. खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता, कुणीतरी कॉफी टाकायला सांगत होतं, तोर्गनी मोठमोठ्याने आपला मार्चमधला आकडा सांगत होता. तिच्या खोलीचं दार तिने उघडंच ठेवलं. तो गलका तिला ऐकायचा होता.

क्लिनिकमध्ये फोन बिर्गित नावाच्या परिचारिकेने उचलला.

“बावीसशे सहाची तपासणी बंद करा,” मरीता म्हणाली. “गोळी द्यायची नाही. आज नाही, सोमवारी नाही, कधीच नाही. कागद पाठवतेय.”

“अगंबाई! बरं झालं आत्ताच सांगितलंस. एक जण येऊन बसलाय गं. लवकर आला. रक्त घ्यायला सुई काढली होती मी.”

“घेतलं नाहीस ना?”

“नाही, नाही. थांब, त्याला सांगते.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दूरवर बिर्गित काहीतरी समजावून सांगत होती. मरीता कान देऊन उभी राहिली. अकरा वर्षं. शाश्तीनला यंदाही काही सांगता येणार नव्हतं, आणि आता पुढेही कधी नाही. तिला त्याचं दुःख झालं, फार झालं. पण ते आपल्या जागी होतं, आणि त्याच्याहून मोठं काहीतरी तिच्या अंगभर पसरत होतं. ती खाली, जमिनीवरच बसली.

बिर्गित परत आली. “सिटी बस चालवतो तो. छत्तिसाचा आहे. नाराज नाही झाला गं. एवढंच विचारतोय, काल संध्याकाळपासून उपाशी राहायला सांगितलं होतं, तर आता खाल्लं तर चालेल का म्हणून.”

“खाऊ दे,” मरीता म्हणाली. “हवं ते खाऊ दे त्याला. तुमच्याकडे आहे का काही?”

“चीज लावलेला पाव आहे. देते.”

“दे. पोटभर दे.”

बिर्गित निरोप घ्यायला थांबली होती. मरीताने फोन ठेवला नाही.

“आहेस ना गं?” बिर्गितने विचारलं.

“आहे. खातोय का तो?”

“खातोय.”