सौंसरची सोयरीक

भाऊराव चौतीस वर्षं रेल्वेत गँगमन होते. पांढुर्ण्याच्या आजूबाजूची लाइन त्यांनी पायाखाली घातलेली, आणि लघवीला कुठे जायचं हा प्रश्न त्या नोकरीत कधी पडला नाही. रिटायर झाले आणि दोन वर्षांत हीच साधी गोष्ट हात धुऊन त्यांच्या मागे लागली. रात्री चार-चारदा उठायचं, उभं राहायचं, कुंथायचं, आणि हाती काय तर थेंब. बायकोला, कमलला, त्यांनी एवढंच सांगितलं की झोप लागत नाही. स्टेशनच्या रस्त्यावर भिंतीवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ असं हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि कमरेखालचं दुखणं बाहेरख्याली माणसालाच होतं अशी भाऊरावांची पक्की समजूत होती. आपण तर आयुष्यात तसलं काही केलं नाही, मग हे आपल्याच नशिबी का? विचारायचं कोणाला? माणूस आतल्या आत झुरत होता.

अशा अवस्थेत पंच्याऐंशीच्या मे महिन्यात ते एकटेच सौंसरला निघाले. मुलीला, छायाला, तिथलं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव उत्तम, तो बिजली ऑफिसात, बाप वामनराव चौकीदार, आई शांताबाई एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात वीस वर्षं नर्स. पाहणं झालं होतं, पसंती झाली होती, आणि छाया तेव्हापासून उगाचच हसत होती. आता फक्त तारीख धरायची होती. बस थांबवा असं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून भाऊरावांनी सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नाही, आणि वाटेत लागलेली लघवी सौंसरपर्यंत दाबून धरली.

उतरल्यावर ते स्टँडमागे गेले. काहीच होईना. घाई आहे म्हणून होत नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि व्याह्याचं घर गाठलं.

जयभीम झाला. पाणी आलं, चहा आला, मग कैरीचं पन्हं आलं. होणाऱ्या व्याह्याच्या घरचा पेला परत करणं म्हणजे सोयरीक नाकारल्यासारखं, म्हणून भाऊराव पीत गेले. मधूनमधून परसात जाऊन कोरडेच परत येत गेले. चौथ्या खेपेला वामनरावांनी ओळखलं.

“उनाळी लागली वाटते, इवाईबुवा! एवढ्या उनात बसनं आले, लागनारच. लाजून कायले राहिले? पानी पेलं का मोकळं होते.”

उन्हाळी म्हणजे अंगात शिरलेलं ऊन, आणि त्यावर इलाज एकच, भरपूर पाजायचं. हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाऊरावांना तर हायसंच वाटलं. उन्हाळी म्हणजे काही वाईट रोग नव्हे, चारचौघांत नाव घेता येतं! वामनरावांनी धने-जिऱ्याचं पाणी केलं, शेजारून पळसाची वाळलेली फुलं आणून भिजवली, आणि पेल्यामागून पेला दिला. भाऊरावांनी तो मन लावून घेतला. दोघंही शहाणे मिळून त्या पोटात पाणी भरत होते आणि बाहेर पडायची वाट बंद होती.

दोन वाजता भाऊरावांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. ओटीपोट टरबुजासारखं टणक झालं होतं. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, अंगाला गार घाम सुटला होता. परसातल्या भिंतीला डोकं टेकून ते रडले. आता मेलो तर सुटलो, असं त्यांना खरोखर वाटलं.

तेवढ्यात शांताबाई दवाखान्यातून जेवायला आल्या. त्यांनी भाऊरावांचा चेहरा पाहिला, रिकामे पेले पाहिले.

“किती पाजलं जी यायले?”

“आठ-नऊ पेले,” वामनराव म्हणाले. “उनाळी हाय ना.”

“बंद करा पयले! उनाळी नाई हे, लगवी तुंबली हाय. अजून पाजसान तं मानूस हातचा जाईल.”

डॉक्टर छिंदवाड्याला गेले होते, संध्याकाळी येणार होते. कंपाउंडर सुट्टीवर होता. लघवीच्या वाटेत नळी घालून ती काढायची होती, आणि ते करणारं शांताबाईंशिवाय दुसरं कोणी नव्हतं. हे कळलं तशी भाऊरावांना धडकीच भरली.

“मी नागपूरले जातो,” ते म्हणाले.

“दोन घंट्याची बस हाय. जमन?”

भाऊराव पाऊल टाकायला गेले आणि गुडघ्यातून मोडून खाली बसले. मग वामनराव आणि ऑफिसातून जेवायला आलेल्या उत्तमने त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात शांताबाईंनी रबराची नळी उकळायला ठेवली, बापलेकांना बाहेर काढलं आणि दार लावलं. टेबलावरून भाऊरावांनी हात जोडले.

“बाई, तुमी इहीन होनार माही. हे पाप नोका करू.”

“पाप कायचं? पाय सैल सोडा.”

भाऊरावांनी दुपट्टा तोंडावर ओढला आणि तो दातांत धरला. नळी गेली तेव्हा ते लहान लेकरासारखे ओरडले. आणि मग तसराळ्यात धार लागली. शांताबाई थांबून थांबून काढत होत्या, तरी तसराळं दोनदा रिकामं करावं लागलं. पोट उतरलं, श्वास परत आला. असं सुख भाऊरावांना जन्मात मिळालं नव्हतं. पण सुख ओसरलं तशी तोंडावरच्या दुपट्ट्याखाली शरम चढायला लागली.

संध्याकाळी डॉक्टर आले. मूत्राशयाखाली एक गाठ असते, वय झालं की ती वाढते आणि रस्ता दाबते, पुष्कळ पुरुषांना होतं, असं त्यांनी समजावलं. वाईट चालीचा याच्याशी काही संबंध नाही. आठ दिवसांत नागपूरला दाखवा, तोवर नळी राहू द्या. दोन वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं. तरी भाऊरावांनी मान वर केली नाही.

रात्र दवाखान्यातच गेली. सकाळी शांताबाई चहा घेऊन आल्या.

“मंग इवाईबुवा, तारीख कोनती धरता?”

“नाई जमनार, बाई.”

शांताबाईंना काय ते कळलं. त्या स्टुलावर बसल्या. “भाऊ, मी रोज असे मानसं पायतो. दुसऱ्या दिवशी माह्या ध्यानातबी रायत नाई.”

“पन माह्या ध्यानात राहीन,” भाऊराव भिंतीकडे पाहत म्हणाले. “तुमी दारात आल्या का मी कुठी लपू?”

“आन पोरीले काय सांगसान?”

भाऊराव चपला शोधायला लागले. शांताबाईंनी नळीची चिकटपट्टी नीट आहे ना तेवढं विचारलं, नागपूरच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी हातात दिली आणि त्या कामाला लागल्या.

दुपारी ते, नळी कपड्यांत दडवून, पांढुर्ण्याला घरी पोचले. कमलला आणि छायाला त्यांनी अंगणातच सांगितलं की सोयरीक होत नाही.

“कायले?” कमलने विचारलं. “पोरगा तं चांगला होता ना?”

“पोराचं नाई. मायचं.” खरं भाऊरावांच्या जिभेवर येत नव्हतं आणि दोघी तोंडाकडे पाहत होत्या. “ते बाई... तिले मानसायची लाज नाई. दवाखान्यात कसे धंदे चालते, मी डोयानं पायलं.”

छाया आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

“बाई गं!” कमलने कपाळावर हात मारला. “बरं झालं, आदीच कयलं. मी उद्या शेजारच्या सुशीलालेबी सांगतो, नाई तं ते आपली पोरगी त्याच लोकायले दाखवन.”

भाऊरावांनी ‘सांग’ म्हणून मान हलवली.