उरलंय

मालूनं ताट वाढलं आणि मागच्या दाराशी नेऊन ठेवलं. तांदळाची एक भाकरी, सकाळचं उरलेलं वालाचं बिरडं आणि मीठ.

"जेव, मामी."

गिरजाबाई भिंतीला धरून सरकत सरकत आली. इथं का, असं तिनं विचारलं नाही. भांडी घासायच्या दगडापाशी बसली आणि खाली मान घालून तुकडा मोडू लागली.

चार दिवसांमागे मामीच्या लेकानं, केरूनं, तिला कासूहून गाडीत बसवून पेणला मालूकडं आणलं होतं. डोलवीला कंपनीत शिफ्ट, बायकोचं आणि आईचं पटेना, असं काहीबाही सांगत तो दारातच घुटमळला होता. चहालासुद्धा थांबला नाही मेला. शेजारणी म्हणाल्या, मालूचं काळीज मोठं, जिनं छळलं तिलाच घरात घेतलंन. मालू पापड लाटता लाटता ऐकून घेई. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, लेक रोह्याला दिलेली, घरात जागा होती. काळजाचं तिचं तिलाच ठाऊक. पहिल्या दिवशी ताट मागच्या दाराशी गेलं ते आपसूक, हाताला जणू तीच जागा माहीत होती. दुसऱ्या दिवशी मात्र तिला कळत होतं, तरी तिनं ते तिथंच ठेवलं.

कासूला मामाच्या घरी मालूचं ताट असंच मागच्या दाराशी असायचं. आईबाप एकाच तापात गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. आधी घरची माणसं जेवत, मग गडी, मग भांड्याच्या बुडाला असेल ते मालूला. एकदा तिनं अर्धी भाकरी परकराच्या घडीत लपवली. मामीनं तिला अंगणात उभी करून परकर झाडला, भाकरी कोंबड्यांना टाकली आणि सगळ्यांदेखत तिला चोरटी म्हटलं. मार विसरली मालू, पण तो शब्द नाही विसरली. पन्नाशीला आली तरी कुणी बघत असलं की तिला घास गिळवत नसे.

मामी तिला आनंदानं फक्त एका घरी धाडी, हन्नाबायच्या. हन्नाबाय आणि तिचा मोझेस, गावातलं शेवटचं तेल्याचं घर. ती ज्यू माणसं, घाण्यावर तेल गाळणारी, शनवारी त्यांच्यात विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शनवारी सकाळी मालूनं जाऊन चूल पेटवायची, चहा ठेवायचा. बदल्यात मामीला वाटीभर खोबरेल. चूल पेटली की हन्नाबाय शिंकाळ्यावरचा झाकलेला वाडगा काढी. शुक्रवारचा भात, नारळाच्या रसातली मासळी.

"खा गो. उरलंय. टाकायचं काय?"

एवढं बोलून ती पाठ फिरवून बसे. पोरीला पोटभर खाता यायचं.

मालूलाही ते उरलेलंच वाटे. मग एका शुक्रवारी संध्याकाळी मामीनं तिला वाटी परत द्यायला धाडलं. चुलीवरून भात नुकताच उतरला होता. मोझेस अजून हात धूत होता, आणि हन्नाबाय पहिली वाफ निघायच्या आत वाडगा भरत होती. मासळीचा मधला तुकडा त्यात घातला, वर ताटली झाकली, वाडगा शिंकाळ्यावर ठेवला. मग नवऱ्याचं पान घेतलं. मालू दारातूनच मागं फिरली. दुसऱ्या दिवशी हन्नाबाय म्हणाली, उरलंय. मालूनं मान हलवली आणि खाल्लं. ती अकरा वर्षांची असताना दोघं इस्रायलला निघून गेली. त्यानंतर तिच्यासाठी कुणी काही आधी काढून ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मामीची गोधडी उन्हात टाकायला म्हणून मालूनं उचलली. एक चिंधी खाली पडली. सोडून बघते तर भाकरीचे तीन तुकडे, एक तर वाळून पापडासारखा कडक झालेला.

तिनं वर बघितलं. कोपऱ्यात बसलेल्या मामीनं कोपर वर करून डोकं झाकलं होतं.

"चोरली नाय गो," मामी म्हणाली. "माज्याच ताटातली हाय. वाटलं, उद्या नाय दिलंस तर."

बरं झालं, असं मालूच्या मनात आलं. अगदी आतून आलं. इतकी वर्षं ती याचीच वाट बघत होती म्हणा ना. मग तिची नजर त्या वर उचललेल्या कोपरावर गेली. असं कोपर कसं धरायचं, किती वेळ धरायचं, ते मालूला चांगलं ठाऊक होतं. आणि आज ते मालूच्याच भीतीनं वर गेलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं तुकडे पुन्हा चिंधीत बांधले, गाठ मारली आणि पुरचुंडी गोधडीच्या घडीत होती तशी ठेवून दिली. कोपर हळूहळू खाली आलं.

त्या दुपारी मालू पापड लाटायला गेली नाही. तिनं भात टाकला, जवळ्यासारखा बारीक कोलीम परतला, ओलं खोबरं खवलं. भात उतरल्या उतरल्या वाडगा भरला आणि ताटली झाकली. मग मामीला हाताला धरून आत आणलं, चुलीजवळ पाटावर बसवलं आणि वाडगा पुढ्यात ठेवला.

"खा, मामी. उरलंय. टाकायचं काय?"

गिरजाबाईनं ताटली उचलली. वाफ तिच्या तोंडावर आली. तिनं भाताकडं बघितलं, चुलीकडं बघितलं. उभा जन्म चुलीपुढं गेलेली बाई ती, उरलेला भात कसा दिसतो ते तिला सांगायला नको होतं.

मालू पाठ फिरवून बसली. मग वाडग्यात बोटं फिरल्याचा आवाज आला.

"मालू."

"काय गो?"

"उद्या पन उरंल का?"

"व्हय," मालू म्हणाली. "माझ्याकडं रोजच उरतं."

आणि तिनं भांडं पुढं ओढून बुडाशी राहिलेला भात आपल्या ताटात खरवडून घेतला.