गुलाबी मेणाच्या सासूबाई

कवळ्या बनवायच्या कारखान्यात तिची सव्वीस वर्षं गेली. कारखाना कसला, तळघरातली एक लांबट खोली. खिडकीचं नाव नाही, दिवसभर ट्यूबलाइट. फळ्यांवर अनोळखी माणसांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे मांडलेले. गुलाबी मेण मऊ करायचं, साच्यावर चढवायचं, त्यात दात बसवायचे. संध्याकाळी घरी आलं की दुसरी खोली. तिथे सासूबाई. मांडीचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं त्या खुर्चीतच होत्या. जीभ तेवढी धडधाकट.

एक्कावन्नावं लागलं आणि तिची छाती आवळून यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं.

"हृदय ठणठणीत आहे. स्वतःसाठी काही करता का?"

"आंघोळ करते," ती म्हणाली. "तीही कुणी दार वाजवेपर्यंत."

डॉक्टरीणबाई हसल्या. तिला हसू आलं नाही. लग्नाआधी ती दोन वर्षं शिल्पकला शिकली होती. "राहिलेलं घरून करता येईल की," असं सगळे म्हणाले होते. घरून काय काय करावं लागतं, ते नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावर मेणाचा एक तुकडा उरला. बोटांत घोळवता घोळवता त्याचा कान झाला. पाळीसकट, आतल्या वळणांसकट. ती बघतच राहिली.

"मालक, उरलेलं मेण नेऊ का?"

"कशाला?"

"असंच."

मालकांनी खांदे उडवले. तिनं पिशवीभर मेण नेलं.

आता चेहरा करायचा, तर समोर न हलता बसणार कोण? घरात जागचं न हलणारं माणूस एकच होतं. शनिवारी दुपारी नवरा झोपला, तशी ती स्टूल घेऊन सासूबाईंसमोर बसली.

"टक लावून काय बघतेस? मेले नाही अजून."

"हलू नका."

"हलता आलं असतं तर तुझ्यासमोर बसले असते?"

पहिल्या दिवशी नुसता बटाटा झाला. हात पार गंजले होते. तिनं तो चेचून टाकला आणि न्हाणीघरात जाऊन रडली. पण पुढच्या शनिवारी पुन्हा बसली. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या शनिवारी मान काही केल्या जमेना. सरळ केली की चेहरा सासूबाईंचा वाटेना. तिनं नीट पाहिलं. मान डावीकडे वळलेली, शीर ताणलेली, कपाळाला आठी. ती आठी रागाची आहे असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. सासूबाई वळून वळून खिडकीकडे बघत होत्या. खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं.

ती उठली आणि खुर्ची फिरवली. समोर रस्ता आला, सायकली आल्या, कुत्र्याला ओढत नेणारी एक बाई आली.

"दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर म्हातारीची नवी टूम म्हणाला असतात." सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं. "तू तरी कुठे काय बोलतेस?"

तिनं स्टूल खुर्चीशेजारी ओढलं. दोघी बराच वेळ रस्ता बघत बसल्या.

नवरा जांभया देत आला. "चहा झाला का?" मग मेणाकडे बघून, "आणि हे कशासाठी?"

"चहा तुम्ही टाका," ती म्हणाली. कशासाठी, ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं.

सोमवारी पुन्हा तळघर आणि हिरड्या. छाती अजूनही आवळते. आठवड्यात दोनदा तरी. शनिवारी मात्र तीन ते चार ती कुणाला ओ देत नाही. चेहरा पुरा झाला तेव्हा सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट फिरवून पाहिला.

"नाक माझं एवढं मोठं नाही."

"आहे."

"नाही म्हणते ना. मोड, नि पुन्हा कर. मी कुठे जातेय?"