पुराव्याला पाणी

कोलोनिया रुफिनात जानेवारीच्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळं गाव खिडक्या लावून वामकुक्षी घेत असतं. पोलिसांनी नेमकी तीच वेळ गाठली आणि डेल्फिनाच्या परसातली गांजाची तिन्ही झाडं कुंड्यांसकट उचलून गाडीत टाकली. कुणी बघू नये म्हणून केलेली ही हुशारी. पण इथल्या बंद खिडक्यांनाही डोळे असतात. संध्याकाळी पावाच्या दुकानात झाडं कुणी नेली, कशी नेली, सगळं सगळ्यांना माहीत होतं.

झाडं होती आब्रीलसाठी. आब्रील ही डेल्फिनाची मुलगी, वय वर्षं नऊ. तान्ही असल्यापासून तिला आकडी यायची, दिवसातून इतक्यांदा की डेल्फिनाने मोजणं सोडून दिलं होतं. शहरातल्या डॉक्टरांची सगळी औषधं करून झाली. शेवटी या झाडाच्या फुलांपासून काढलेल्या तेलाचे थेंब जिभेखाली सुरू झाले आणि पोर रात्रभर शांत झोपू लागली, आईला नावाने हाका मारू लागली, सायकलीसाठी हट्ट करू लागली. कायदा म्हणाल तर होता. परदेशी तेल मागवायला परवानगी होती, ते यायचं तेव्हा यायचं, आणि घरी झाड लावलं तर तुरुंग. सरकारला तेल चालत होतं, झाड चालत नव्हतं.

डेल्फिनाने इतरांच्या झाडांचं तेलही देऊन पाहिलं होतं. एकाने पोर नुसती पेंगायची, दुसऱ्याचा काही उपयोगच झाला नाही. लागू पडलं ते नेलिदाबाईंच्या झाडाचं. नेलिदाबाई निवृत्त शिक्षिका, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्यांनी फांद्या दिल्या, डेल्फिनाने त्या रुजवल्या. मग गारपीट झाली आणि बाईंचं मूळ झाड गेलं. आता त्या जातीची तीनच झाडं उरली होती आणि ती पोलीस ठाण्यात होती. घरातलं तेल नवी फुलं येईपर्यंत कसंबसं पुरणार होतं. फुलं आलीच नाहीत तर काय, हा विचार डेल्फिना पुरता मनात येऊच देत नव्हती.

संध्याकाळी ती ठाण्यात गेली. फौजदार वाल्तेर पेरेत्ती टेबलावर पाय टाकून बसला होता.

"घरी जा, डेल्फिना. तुला आत टाकली नाही हे नशीब समज."

"झाडं कुठे आहेत?"

"मागे. तू काय करणार बघून?"

तिने बघितलंच. मागच्या अंगणात, जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या शेजारी, तापलेल्या सिमेंटवर कुंड्या ठेवल्या होत्या. पानांनी माना टाकल्या होत्या.

"अरे, निदान पाणी तरी घाला!"

"मी फौजदार आहे, माळी नाही."

डेल्फिना रडत बाहेर पडली आणि रडत रडतच नेलिदाबाईंच्या घरी पोचली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आरशासमोर उभं राहून ओठांना लाली लावली आणि म्हणाल्या, "त्या घडीच्या खुर्च्या घे. आणि नाक पूस."

ऊन उतरलं की या गावात जो तो आपल्या दारासमोर फुटपाथवर खुर्ची टाकतो. येर्बाच्या पानांचा कडू काढा एकाच नळीने आळीपाळीने ओढत गप्पा रंगतात. त्या संध्याकाळी दोघींनी खुर्च्या टाकल्या त्या ठाण्याच्या दारासमोर, एवढाच काय तो फरक. वाल्तेर धावत बाहेर आला.

"बाई, हे काय?"

"बसलोय. फुटपाथवर बसणं गुन्हा आहे का रे?"

"तसं नाही, पण..."

"मग डोक्यावर उभा राहू नकोस. पंचनाम्यात काय लिहिलंस?"

"तीन झाडं."

"कसली? चौथीतल्यासारखं पुटपुटू नकोस."

"जिवंत, बाई. तीन जिवंत झाडं."

"आणि कोर्टात तीन वाळक्या काड्या घेऊन गेलास, तर न्यायाधीश विचारणार नाहीत, पुरावा कुणी मारला म्हणून? खटला होईपर्यंत ती जगवणं तुझं काम. घेवड्याचं रोप आठवतंय ना? सगळ्या वर्गाची वर आली, तुझंच तेवढं मेलं."

आत शिपाई फिस्सकन हसला. वाल्तेरचे कान लाल झाले. तो आत गेला आणि थोड्या वेळाने मागच्या अंगणात गाडी धुवायच्या नळीचं पाणी सुरू झालं.

डेल्फिना दारातून ओरडली, "पानांवर नको! मुळाशी घाल! हळू!"

दुसऱ्या दिवशी खुर्च्या वाढल्या. कंपवाताचे आन्सेल्मोकाका आले, ज्यांच्या हातातला काढा निम्मा शर्टावरच सांडायचा. ग्रासिएला आली. तिच्या आईला कर्करोग होता, आणि तिची झाडं शहरातल्या पोलिसांनी आधीच नेली होती. डेल्फिना आब्रीलला मांडीवर घेऊन बसे. ऊन उतरलं की सगळे एका सुरात हाक मारत, "वाल्तेर, पाणी!" आधी तो शिपायाला पाठवायचा. मग शिपाई धसमुसळेपणा करतो म्हणून स्वतःच नळी धरू लागला. एका संध्याकाळी बघतात तर कुंड्या पत्र्याच्या सावलीला सरकल्या होत्या. कुणी सरकवल्या, हे कुणी विचारलं नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा शहरातून सरकारी वकीलबाई आल्या. नीटनेटक्या होत्या, दुष्ट नव्हत्या. त्यांनी डेल्फिनाला ठाण्यातल्या टेबलासमोर बसवलं. बाकीचे सगळे दारात गर्दी करून उभे राहिले.

"तुमच्या भल्याचंच सांगते. इथे सही करा. झाडं आपोआप उगवली, तुम्ही लावली नाहीत, कुणाची ते ठाऊक नाही. खटला आजच बंद. झाडं जाळून टाकू आणि तुम्ही घरी जा."

दारातून ओस्वाल्दो, डेल्फिनाचा नवरा, कळवळून म्हणाला, "कर गं सही. तू तुरुंगात गेलीस तर पोरीला कोण बघणार?"

डेल्फिनाला खरोखर भीती वाटत होती. तुरुंगाची वाटत होती, ओस्वाल्दोचं खरं ठरण्याची तर जास्तच. तिने आब्रीलकडे पाहिलं. पोर वाल्तेरच्या खुर्चीवर बसून गोल गोल फिरत होती आणि खिदळत होती. तेलाआधी तिला धड बसताही येत नव्हतं. डेल्फिनाने कागद परत सरकवला.

"आपोआप नाही उगवली. मी लावली, माझ्या पोरीसाठी. तुम्ही जाळलीत तरी पुन्हा लावीन, आणि तेव्हाही कुणाची ते मला ठाऊक असेल. चालवा खटला."

"फांद्या मी दिल्या," नेलिदाबाई पुढे आल्या. "माझं नाव लिहा."

"कुंड्या माझ्या," आन्सेल्मोकाका म्हणाले. "त्यातली मोठी परत हवीय मला."

"माती आमच्या शेतातली," ग्रासिएला म्हणाली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, असं सगळ्या गावावर खटला भरू का मी? आणि ही झाडं इतकी फोफावलीत कशी? पंचनाम्यात तर गुडघ्याएवढी लिहिलीत. इथे त्यांना पाणी कोण घालतं?"

कुणी वाल्तेरकडे बघितलं नाही. नेलिदाबाईंनीसुद्धा नाही, त्या छताकडे बघत राहिल्या.

वाल्तेरने घसा खाकरला. "मी, मॅडम."

"तुम्ही?"

"रोज. ऊन उतरल्यावर, मुळाशी. जिवंत जप्त केली होती, जिवंत ठेवली. माझंही नाव लिहा."

डेल्फिनाला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती नुसती खुर्चीची कड घट्ट धरून बसली.

वकीलबाईंनी तो कागद घडी करून पिशवीत टाकला आणि सगळं होतं तसं न्यायाधीशांपुढे मांडते म्हणाल्या. आदेश आठवड्याभराने आला. खटला चालेल. तोवर पुरावा डेल्फिनाच्या ताब्यात राहील, त्याची निगा तिने राखावी, लागेल तेव्हा छाटणी करावी, आणि मुलीच्या औषधाला जे लागेल ते घ्यावं. पोलिसांनी अधूनमधून येऊन पाहणी करावी.

जी गाडी झाडं घेऊन गेली, त्याच गाडीतून ती परत आली. या वेळी भर दुपारी गावातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. वाल्तेरने कुंड्या उतरवल्या आणि आब्रीलला बजावलं, "मुळाशी घालायचं हं, पानांवर नाही." फांद्यांच्या टोकांना फुलांचे पहिले पांढरे केस फुटले होते. डेल्फिनाने ते बघितलं आणि मग कपाटातली तेलाची बाटली उजेडात धरून बघितली. पुरणार होतं.

संध्याकाळी वाल्तेर ठाण्याच्या दारात येतो तर पुन्हा त्याच खुर्च्या. डेल्फिना, बाई, आन्सेल्मोकाका, सगळे. मध्ये ग्रासिएला बसली होती.

"आता काय राहिलं? झाडं दिली ना तुमची?"

"माझी दिलीस," डेल्फिना म्हणाली आणि काढ्याची नळी त्याच्यापुढे केली. "ग्रासिएलाची शहरातल्या ठाण्यात आहेत."

"मग इथे का बसलात?"

"सकाळच्या बसची वाट बघतोय. त्या बसमध्ये घडीच्या खुर्च्या घेऊ देतात का रे?"