डाव्या सीटसाठी

प्रियंकानं गाडीच्या दाराच्या पॅनेलखाली पट्टी सारली आणि शेवटची क्लिप टचकन उपटली. पॅनेल सुटून हातात आलं. आत कंपनीनं बसवलेला स्पीकर होता, कागदी, पापडाएवढा पातळ. तिनं त्याला टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"एवढी देखणी गाडी अन् आतमध्ये हे काय लावतेत, बाबा? याच्यापेक्षा भंगारवाल्याचा भोंगा बरा."

काउंटरमागे बसलेल्या मारोतरावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. एरवी असल्या शेऱ्यावर ते दोन शेरे आपले जोडत.

लोहाऱ्याच्या एमआयडीसी रस्त्यावरचं, गाड्यांना स्पीकर बसवून देणारं हे दुकान नावानं मारोतरावांचं, पण गेली आठ वर्षं गाडीला हात लावायची ती त्यांची मुलगीच. आयटीआय करून आली तेव्हा गिऱ्हाईकं म्हणायची, पोरगी वायरींचा सत्यानाश करणार. आता तीच गिऱ्हाईकं पार राजूरहून येत, "ताई हाय का?" विचारत, आणि ताई नसली तर चहा पिऊन परत जात. धाकटा भाऊ राजदीप पुण्यात दोन वर्षं काढून नुकताच परतला होता. आवाज वाढवणाऱ्या अॅम्पला कुठली वायर जाते हे त्याला अजून विचारावं लागे, आणि प्रियंका न चिडता सांगे. चिडायचं कशाला? समोरच्या रांगेत नवा गाळा घेतला होता. मारोतरावांनी साऱ्या घरासमोर शब्द दिला होता: धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाळा उघडायचा आणि पाटीवर नाव प्रियंकाचं. त्या शब्दाच्या भरवशावर तिनं दोन स्थळं परत धाडली होती.

तीन दिवस ती या पांढऱ्या गाडीला चिकटून होती. पत्रा वाजू नये म्हणून दारांना आतून जाड शीट चिकटवली, रोलर फिरवून फिरवून मनगट दुखवून घेतलं, नवे स्पीकर बसवले, अॅम्प सीटखाली सरकवला. एकही वायर कुठे लोंबती ठेवली नाही. मग गळ्यात टेप अडकवून तिनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"गाडी कोण चालवते, बाबा? उंची किती?"

या प्रश्नावर गिऱ्हाईकं हसत. ताई, शर्ट शिवून राह्यली काय? हसू देत. माणूस बसला की त्याचा कान कुठे येतो ते मोजल्याशिवाय ती आवाज लावत नसे. जवळच्या स्पीकरचा आवाज केसभर उशिरा सोडायचा, म्हणजे लांबचा आणि जवळचा कानाशी एकदमच पोचतात आणि गाणारी बाई बरोबर काचेसमोर उभी असल्यागत वाटते. मात्र हे एकाच सीटसाठी जमतं. दुसऱ्या सीटवरच्याला ते बिघडल्यासारखंच लागणार. म्हणून सगळे चालवणाऱ्याची सीट धरतात.

"डाव्या सीटसाठी लाव," मारोतराव म्हणाले.

"डाव्या? काहून? चालवणारा बहिरा हाय काय?"

"पार्टीनं तसंच सांगतलं. दारव्ह्याची पार्टी हाय. बायकोले नीट ऐकू आलं पाह्यजे म्हणे."

प्रियंका हातातलं काम सोडून हसली. आठ वर्षांत असा नवरा पहिल्यांदाच ऐकला होता.

"अगं बाई! अशा माणसाचे तर पाय धुतले पाह्यजे. उंची किती बाईची?"

मारोतरावांनी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तुह्याएवढी."

"अंदाजपंचे नाही चालत, बाबा. कान दोन इंच खाली आला तरी फरक पडते."

"म्हटलं ना, तुह्याएवढीच हाय. तूच बसून लाव."

ती बसली. डोळे मिटून, मान टेकवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन. एकच गाणं तिनं चाळीसदा तरी लावलं असेल. दुपारी जेवायलाही उठली नाही. अशा बाईचा तिला थोडा हेवाही वाटला. जिच्यासाठी कुणीतरी एवढा विचार करतं तिला वाईट आवाज ऐकवायचा म्हणजे पापच की. शेवटी गाणारीचा आवाज नाकासमोर येऊन उभा राहिला, तेव्हाच तिनं डोळे उघडले.

शनिवारी संध्याकाळी गाडी गेली. त्याच संध्याकाळी आईनं, शीलाबाईनं, विषय काढला.

"उद्या पाहुणे येऊन राह्यले. दारव्ह्याचे. पोरगा ब्यांकेत हाय, धम्मरत्न नाव."

"आई, मी सांगतलं होतं ना? गाळा उघडल्यावर."

"पाह्याले काय जाते वो? पाहून जातील बिचारे."

प्रियंकानं फार ताणलं नाही. पाहून जातील तर जावोत.

पाहुणे आले, पोहे झाले. धम्मरत्न मोजकं बोलणारा, बरा वाटावा असा मुलगा होता. त्याचे वडील नानाजी मात्र सोयाबीनच्या भावापासून दाताच्या दुखण्यापर्यंत सगळ्यावर बोलले. मग मारोतराव म्हणाले, "चला, जरा बाहेर चला सारे," आणि सगळे अंगणात आले.

अंगणात ती पांढरी गाडी उभी होती. बोनेटवर झेंडूचा हार.

प्रियंका पायरीवरच थबकली. दारव्ह्याची पार्टी म्हणजे हीच माणसं? मग डावी सीट... तिला एकदम घाम फुटला आणि हसूही आलं. न बघता, न भेटता या मुलानं एवढं सांगून ठेवलं होतं? क्षणभर तिला तो आवडलासुद्धा.

मारोतरावांनी आपल्या खिशातून किल्ली काढली आणि धम्मरत्नच्या हातावर ठेवली.

"घ्या जावईबापू. आपल्यात देणंघेणं नाही, तुम्हाले माहीत हाय. पोरीले फिराले म्हून आपली एक भेट."

"आम्ही कुठं काही मागतलं!" नानाजी घाईनं म्हणाले.

धम्मरत्न किल्लीकडे बघतच राहिला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पाहून जातील म्हणणारी आई पदराच्या टोकाशी चाळा करत होती. राजदीप दाराच्या चौकटीला टेकून मोबाईल बघत होता आणि वर बघायचं टाळत होता. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं ठरून गेलं होतं आणि एक तिलाच सोडून घरभर वाटलं गेलं होतं.

"बस ना बाई," मारोतराव लाडानं म्हणाले. "डाव्या बाजूनं बस."

एवढ्या माणसांत नाही कसं म्हणायचं? ती बसली. धम्मरत्न उजवीकडे बसला. त्यानं चावी फिरवून बटण दाबलं आणि गाणारी बाई थेट प्रियंकाच्या नाकासमोर येऊन उभी राहिली. केसभरही इकडेतिकडे नाही.

तुह्याएवढी.

बापानं फसवलं ते फसवलंच, पण तिच्याच हातून. तीन दिवस मनगट मोडेस्तोवर राबून तिनं आपलीच पाठवणी सजवली होती. आणि ज्या बाईचा हेवा केला, ती ही.

"माह्याकडून जरा विचित्रच लागते," धम्मरत्न हळूच म्हणाला. "तुमच्याकडून बरं लागते काय?"

त्या बिचाऱ्यावर राग काढून तरी काय उपयोग होता?

नानाजींनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि तोंडभर हसले.

"वा वा वा! दाराचा पत्राही वाजत नाही. कोणं लावलं हो हे?"

प्रियंकानं बापाकडे पाहिलं. आत्ता तरी म्हणतील. माह्या पोरीनं लावलं, एवढं तरी.

मारोतरावांनी तिच्याकडे न बघता खाकरून घसा साफ केला.

"कारागीर हाय एक आपल्याकडं."

"हुशार दिसते बावा. आमच्या भाच्याच्या गाडीलेही लावाचं हाय. दोन दिवस धाडून द्या त्याले दारव्ह्याले."

"त्याचं आता जमत नाही," मारोतराव म्हणाले. "तो काम सोडून राह्यला. नव्या गाळ्यात राजदीपच पाह्यते सारं."

प्रियंकानं हात पुढे करून गाणं बंद केलं.

"कधी ठरलं, बाबा?"

"काय?"

"कारागीर सोडून राह्यला म्हणता ना," ती म्हणाली. प्रत्येक शब्द नानाजींपर्यंत पोचत होता. "त्याले तर अजून कोणं सांगतलंच नाही."