बुधवारचा चष्मा

मी भित्री आहे, बावळट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कोणीही मला बावळटच म्हणेल.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत मी काचा बसवते. काच यंत्राखाली धरून नंबर आणि कोन बघायचा, शाईचे तीन ठिपके द्यायचे, कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायची आणि परत त्याच यंत्राखाली तपासायची. बारा वर्षं झाली, हात बसलाय. तरी गेल्या पंधरवड्यात चार चष्मे परत आले. जमीन तिरकी दिसते, पायरी अंगावर येते, सगळ्यांची तक्रार तीच. दर वेळी मालक एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे राहायचे आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणायची, "माझंच चुकलं. हात हलला असेल."

हातबित काही हलला नव्हता.

माझ्या बाबांकडेही असाच जुडगा होता. ते कामावरून आले की आधी जिन्यात तो वाजायचा. घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की ते मला समोर उभी करायचे. "मी नाही केलं" म्हटलं की ते अगदी हळू आवाजात विचारायचे, "काय म्हणालीस? परत म्हण." परत म्हटलं की डाव्या कानाखाली जाळ. मग मोजदाद नाही. कबूल केलं तर दोनांत भागायचं. एवढी अक्कल आठव्या वर्षी कुणालाही येते. आई तेव्हा स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडायची. त्या डाव्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं.

तेव्हापासून जगात जे जे बिघडतं ते मीच बिघडवते. माझा नवरा शाळेची बस चालवतो. कधी आवाज चढवत नाही, पण त्याने कपाटाचं दार जरा जोरात लावलं की माझ्या तोंडून सॉरी निघतं. आधी हसायचा. "ऊन पडलं तरी तुझंच चुकतं, बाई!" गेल्या महिन्यात मात्र हसला नाही. म्हणाला, "तुझ्या मनातलं खरं मला कधी कळणारच नाही का गं? लग्नाला हो म्हणालीस, तेही घाबरूनच?"

मी काय म्हणाले असेन? "माझंच चुकलं." तो ताटावरून उठून बाहेर गेला.

परत आलेल्या चारांतला एक चष्मा त्याचाच होता. तो मी नव्याने करून कालच त्याला दिला.

आज दुपारी पाचवा आला. मालक दारात. "हाही?"

"माझंच चुकलं."

"अहो, हद्द झाली आता!" त्यांनी चष्मा आणि ऑर्डरचं कार्ड टेबलावर आपटलं. मी दचकून मागे सरकले आणि नजर कार्डावर गेली. चष्मा केल्याची तारीख बुधवारची. बुधवारी तर मी दिवसभर रजेवर होते, दाढ काढायला गेले होते! त्या दिवशीचे सगळे चष्मे काउंटरवाल्या मुलीने केले होते. तिचा हातही तिरका आणि माझाही? छे. यंत्राचाच कोन सरकला होता. त्याच्यावरच काचा लावायच्या आणि त्याच्यावरच तपासायच्या, मग चूक दिसणार कशी? दर वेळी मी गुन्हा अंगावर घेतला, म्हणून यंत्राकडे कुणी बघितलंच नाही.

आणि नवऱ्याचा नवा चष्मा त्याच यंत्रावर झाला होता. दोनला दहा कमी होते. दोनला शाळा सुटते आणि त्याची बस चाळीस पोरं घेऊन उतारावरून निघते.

मी फोन लावला. मालक तिथेच उभे.

"चष्मा घालू नकोस. तो चुकलाय."

"आणि तुझंच चुकलं, हो ना?" तो कंटाळून म्हणाला. "होईल गं सवय. पोरं चढतायत, ठेवतो."

हे माझंच कर्म. इतक्या वेळा खोटं कबूल केलं होतं की आता खऱ्याला किंमत उरली नव्हती. हो म्हटलं असतं तर तो निघाला असता. नाही म्हणायचं तर मालकांच्या तोंडावर त्यांच्या यंत्राचा दोष काढायचा. किल्ल्या खळखळल्या.

"माझं नाही चुकलं," मी म्हणाले.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "काय म्हणालीस? परत म्हण."

अगदी तेच शब्द. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! वाटलं, फोन टाकावा आणि टेबलाखाली शिरावं.

"मी नाही केलं," मी म्हणाले. "यंत्र वाकडं आहे. बुधवारी मी इथे नव्हतेच. पाया पडते, चष्मा काढ."

"काढला," तो म्हणाला. "बस बंद केली. दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावतो." आणि मग, "घरी आलो की बोलू. घाबरू नकोस."

मालकांनी कार्ड उचललं, तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझी रजा बघितली. जुडगा टेबलावर ठेवला. "किती चष्मे गेलेत असे? यादी काढा, सगळ्यांना फोन करू." मग माझ्याकडे बघत राहिले. "हात खाली घ्या ना. कोण मारतंय तुम्हाला?"

तेव्हा मला कळलं. फोन उजव्या कानाला होता आणि डाव्या कानावर मी तळहात गच्च दाबून धरला होता.

"घेते," मी म्हणाले. पण ते खोलीबाहेर जाईपर्यंत घेतला नाही.