पंखात राहिलेला पाना

मी दहा नंबरचा पाना बोलतोय, आणि आज मला गप्प बसवत नाही!

लढाऊ विमानं जोडणाऱ्या कारखान्यात मी आलो, तेव्हा आमचा मुक्काम एका लोखंडी पेटीत होता. सगळे एकमेकांच्या उरावर. माझे मालक फिटर. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. मी हवा असलो की मामा पेटी उपसायचे, वैतागायचे. शेवटी प्रत्येक पान्यासारखाच एक जादा पाना त्यांनी आपल्या कपाटात दडवून ठेवला.

मग नवीन सुपरवायझर मॅडम आल्या आणि पेट्या गेल्या! भिंतीवर फळा लागला, त्यावर प्रत्येक हत्याराचा आकार पिवळ्या रंगात. काम झालं की ज्यानं त्यानं आपल्या आकारावर लटकायचं. मला हक्काचं घर मिळालं, मी हरखूनच गेलो. नियम सोपा: फळा भरल्याशिवाय विमानाचं एकही झाकण लावायचं नाही. शिवाय एक लाल दोरी. काही चुकलं तर कुणीही ती ओढावी आणि सगळं काम थांबवावं.

"हा काय पोरखेळ!" मामा हसले होते.

काल मामा मला पंखातच विसरले. पंखाची पाती हलवणाऱ्या दांड्याला टेकून मी पडलो होतो. तसंच विमान उडालं असतं, तर उडताना दांडा अडकला असता आणि विमान वळलंच नसतं! फळ्यावर माझी जागा रिकामी होती. आता मला शोधतील, असं वाटलं. पण आपल्यामुळे काम अडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून मामांनी कपाटातला माझा जुळा भाऊ तिथे लटकवला. मी बाकाखाली कुठेतरी असेन, अशी त्यांनी स्वतःच्या मनाची समजूत घातली.

झाकणाचे स्क्रू बसू लागले. मी ओरडत होतो, पण पान्याचं कोण ऐकतं? तेवढ्यात वैमानिक पोरगी आली. दुसऱ्या दिवशी तीच हे विमान उडवणार होती.

"मामा, सगळं ठीक ना?"

"हो..." मामांची नजर फळ्यावरच्या माझ्या जागेकडे गेली. "नाही गं पोरी. थांब."

आणि त्यांनी लाल दोरी अशी ओढली की घंटा घणघणली! मॅडम धावत आल्या.

"फळ्यावरचा पाना माझ्या कपाटातला आहे. खरा सापडत नाही. पंखात असेल."

झाकण उघडलं, टॉर्च आत आला, मी चमकलो!

"मामा, थांबवलंत ते फार बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. मामांचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्वतःच कपाट रिकामं केलं.

आत्ताच ते विमान छतावरून गडगडत गेलं, आणि आम्ही सगळी हत्यारं आनंदानं थरथरलो. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझी जागा कधी रिकामी दिसली, तर ती भरायची घाई करू नका. आधी मला शोधा.